बोल्ट आधी कुठे जातो?

संपादक साहेब, नमस्कार.

मी नौपाड्यात राहतो आणि गेली बरीच वर्षं मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळतो, आता घरातली पोरंही खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या माणसाने हा खेळ काढला, दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाचे २० लाइफ, ६० कार्डांचा डेक, आणि प्रत्येक कार्डावर त्या कार्डाचा स्वतःचा नियम छापलेला असतो. हजारो कार्डं आहेत. आता कुठली दोन एकमेकांसमोर येतील हे कोणीच आधी सांगू शकत नाही, त्यामुळे टेबलावर वाद होणारच. वाद होतात याबद्दल माझी तक्रार नाही, ते सोडवतात कसे याबद्दल आहे.

मध्यंतरी नवी मुंबईत एक छोटी स्पर्धा होती, जागेचं आणि आयोजकांचं नाव घेत नाही. माझी तेरा वर्षांची भाची तिसऱ्या राउंडला एका कॉलेजच्या मुलाशी खेळत होती. तिच्याकडे टार्मोगॉइफ होता, हे क्रीचर म्हणजे प्राण्याचं कार्ड, माझंच जुनं. सगळ्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगांत, मिळून जितक्या प्रकारची कार्डं पडली असतील तितकी त्याची ताकद आणि त्याहून एकने जास्त टफनेस, म्हणजे किती मार लागला की तो मरतो तो आकडा. तेव्हा ग्रेव्हयार्डमध्ये एक क्रीचर आणि एक लँड, म्हणजे दोन प्रकार, म्हणून तो २/३, ताकद दोन आणि टफनेस तीन. समोरच्याने लाइटनिंग बोल्ट मारला, तीन डॅमेज. तो म्हणाला मेला. भाची म्हणाली नाही मेला, बोल्ट हे इन्स्टंट या वेगळ्याच प्रकारचं कार्ड आहे, ते आधी ग्रेव्हयार्डमध्ये जाणार, मग तीन प्रकार होणार.

आजूबाजूला चार-पाच जण जमले, आयोजक आले, त्यांनी कार्ड हातात न घेताच सांगितलं की तीनचा मार आणि तीनची टफनेस, मेला, यात विचारायचं काय, आणि तरी ती ऐकेना म्हणून चक्क हात वर करायला लावले, मेला म्हणणारे किती आणि जिवंत म्हणणारे किती. पाच विरुद्ध एक. कोणीतरी म्हणालं अगं तू लहान आहेस, हळूहळू कळेल. तिने कार्ड उचललं, ग्रेव्हयार्डमध्ये ठेवलं आणि उरलेला गेम एक शब्द न बोलता खेळली. मी मागेच उभा होतो आणि गप्प बसलो कारण मलाही तेव्हा शंभर टक्के खात्री नव्हती, याची टोचणी मला अजून आहे.

रात्री घरी नियम उघडून बसलो. तिचंच बरोबर होतं. बोल्ट रिझॉल्व्ह होताना, म्हणजे त्याचा परिणाम लागू होताना, आधी डॅमेज देतो आणि त्याच रिझॉल्व्ह होण्याची शेवटची पायरी म्हणून स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो. कोण मेलं कोण जिवंत ही तपासणी, जिला स्टेट-बेस्ड ॲक्शन्स म्हणतात, ती त्याच्या नंतर होते. तोपर्यंत टार्मोगॉइफ ३/४ झालेला असतो, अंगावर डॅमेज तीन, टफनेस चार. जिवंत. अर्थात ग्रेव्हयार्डमध्ये आधीच एखादं इन्स्टंट पडलेलं असतं तर बोल्टने काही वाढलं नसतं, पण तसं नव्हतं, तिने मोजलं होतं.

आपण मेंढीकोट खेळतो तेव्हा घराघरात नियम वेगळे असतात, हुकूम कसा ठरवायचा यावर दोन मामांची भांडणं मी लहानपणी बघितली आहेत, आणि गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचा शब्द. तिथे ते चालतं कारण लिहिलेलं काही नसतंच. इथे तसं नाही. मॅजिकचं कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स नावाचं दोनशेहून जास्त पानांचं डॉक्युमेंट आहे, कंपनीच्या साइटवर फुकट आहे, मोबाइलमध्ये मावतं. प्रत्येक कार्डाचा सध्याचा अधिकृत मजकूर, ज्याला ओरॅकल टेक्स्ट म्हणतात, तोही ऑनलाइन आहे, कारण जुन्या कार्डांवर छापलेले शब्द कधी कधी आता लागू नसतात. इतकं सगळं लिहून ठेवलेलं असताना हात वर करून निकाल कशाला?

आणि खरं सांगू का, बहुतेक वाद दोन-तीन गोष्टी नीट धरल्या की सुटतात. पोरांना मी स्टॅक, म्हणजे टाकलेली कार्डं कुठल्या क्रमाने लागू होतात ते, समजावतो स्वयंपाकघरातल्या ताटांवरून, एकावर एक रचलेली ताटं, शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं. तुझ्या २/२ प्राण्यावर कोणी बोल्ट टाकला आणि तो लागू होण्याआधी तू त्याच प्राण्यावर जायंट ग्रोथ (ताकद आणि टफनेस तीन-तीनने वाढवणारं कार्ड) टाकलास तर ग्रोथ आधी लागू होतो, प्राणी ५/५ होतो, मग बोल्टचे तीन त्याला काही करत नाहीत. उलट झालं, म्हणजे तू आधी ग्रोथ टाकलास आणि समोरच्याने त्यावर बोल्ट, तर बोल्ट आधी, प्राणी मेला, आणि तुझा ग्रोथ वाया. कार्डं तीच, क्रम बदलला की निकाल बदलला. दुसरं म्हणजे एक कार्ड करू शकता म्हणत असेल आणि दुसरं करू शकत नाही म्हणत असेल तर 'नाही' जिंकतं. आणि तिसरं, शब्द वाचा. हेक्सप्रूफ असलेल्या प्राण्याला समोरचा टार्गेट करू शकत नाही, म्हणजे नेमकं त्यालाच निवडू शकत नाही, पण 'सगळे क्रीचर्स नष्ट करा' म्हणणाऱ्या कार्डात टार्गेट हा शब्दच नसतो, म्हणून तोही मरतो. मी पोरांना कार्डावर अंगठा ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावतो, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

काही प्रश्न खरंच अवघड असतात हेही मान्य. ह्युमिलिटी हे १९९७ चं, सगळ्या प्राण्यांच्या खास शक्ती काढून त्यांना १/१ करणारं कार्ड, आणि ओपलेसन्स हे १९९९ चं, ह्युमिलिटीसारख्या कार्डांनाच प्राणी बनवणारं, ही दोन एकत्र टेबलावर आली की भलेभले डोकं धरतात, तिथे सात लेयर्सचा, म्हणजे कार्डांचे परिणाम कुठल्या टप्प्यांनी लावायचे त्याचा, नियम लावावा लागतो आणि शेवटी कुठलं कार्ड नंतर आलं यावर ह्युमिलिटी स्वतः ४/४ की १/१ हे ठरतं. पण तिथेही उत्तर एकच निघतं, बहुमताने नाही निघत.

चेसच्या स्पर्धेत आर्बिटर असतो, कॅरमला अंपायर असतो, तसा या खेळात जज असतो. हात वर करायचा, जजला बोलवायचं, तोवर कार्डाला हात लावायचा नाही, गेलेला वेळ राउंडला वाढवून मिळतो. जज कसं खेळावं हे सांगत नाही, नियम सांगतो, आणि पटलं नाही तर हेड जजकडे दाद मागता येते. ठाण्यात-वाशीत छोट्या स्पर्धांना प्रत्येक वेळी ट्रेनिंग घेतलेला जज मिळणार नाही हे मलाही कळतं. मग निदान पहिल्या राउंडच्या आधी एक माणूस ठरवा जो स्वतः खेळत नाहीये, सगळ्यांना सांगा की शेवटचा शब्द याचा, आणि त्याने दोन मिनिटं घेऊन मोबाइलवर नियम वाचूनच बोलायचं. एवढ्याला पैसे लागत नाहीत.

पालकांनाही विनंती आहे, पोरगं नियमावरून अडून बसलं की त्याला रडीचा डाव म्हणून गप्प करू नका, आधी ते काय म्हणतंय ते ऐका.

मी दुसऱ्या दिवशी त्या आयोजकांना नियमाचा स्क्रीनशॉट पाठवला, उत्तर आलं की जाऊ दे हो, खेळच आहे. ते हे पत्र वाचत असतील तर एवढंच म्हणणं आहे, निकाल बदलू नका, बक्षीसही नको, पण पुढच्या वेळी ती आली तर तिला सांगा की त्या दिवशी तुझं बरोबर होतं.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)