तक्रार: वसाहतीचा मागचा पादचारी रस्ता भिंत घालून बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीने उपनगरात बांधलेल्या वसाहतीत आम्ही घर घेतले आणि तिथे राहायलाही आलो. घराच्या बांधकामाविषयी माझी तक्रार नाही. भिंतींना ओल नाही, पाणी चांगल्या दाबाने येते. तक्रार घराबाहेरची आहे.

आपल्या माहितीपत्रकात शाळा, दवाखाना, बाजार आणि बसथांबा 'अवघ्या ५ मिनिटांवर' असल्याचे छापले आहे. ५ मिनिटांत धडधाकट माणूस साधारण ४०० मीटर चालतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्याच वेळात ५ किलोमीटर जाते. यातली आपली ५ मिनिटे कोणती, हे आम्ही घर घेण्यापूर्वी विचारले होते. आपल्या प्रतिनिधीने नकाशावर बोट ठेवून सांगितले, "मागच्या फाटकातून बाहेर पडलात की समोरच थांबा." ते फाटक करारनाम्याला जोडलेल्या नकाशातही आहे, 'पादचारी मार्ग' असे स्पष्ट लिहून.

आज त्या जागी पक्की भिंत आहे. पायवाटेच्या फरशा थेट भिंतीखाली शिरतात. वाटेसाठी लावलेला दिवा रोज रात्री त्या भिंतीवरच उजेड पाडतो. थांब्यावर बस उभी राहिल्याचा आवाज आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येतो, पण ती पकडायची तर पुढच्या फाटकातून निघून अख्ख्या वसाहतीला वळसा घालावा लागतो. त्या रस्त्याला पदपथ नाही आणि वाहने भरधाव असतात. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. दवाखान्यात एकटीने जाता येईल म्हणून त्यांनीच हे घर पसंत केले होते. आता कोणी सोबत असल्याशिवाय त्या बाहेर पडत नाहीत. शेजारची शाळकरी मुले चालत जाऊ शकली असती, त्यांना रोज गाडीने सोडावे लागते.

आपल्या कार्यालयाने तोंडी कारण दिले ते सुरक्षेचे. ते मला पटत नाही. फाटकाला कुलूप लावता येते, वेळ ठरवता येते, रहिवाशांना कार्ड देता येते. उलट वर्दळ थांबल्यापासून तो कोपरा सुनसान झाला आहे, आणि सुरक्षेच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना वाहनांच्या रस्त्यावर चालायला लावले जात आहे. भिंत बांधण्यापूर्वी आम्हा घरमालकांना एका शब्दानेही विचारले नाही, याचा मला फार राग आहे.

जाता जाता बागेविषयी. घसरगुंडीखाली नुसते काँक्रीट आहे. तिथे वाळूचा जाड थर किंवा रबरी फरशी हवी. मूल पडून डोके फुटण्याची वाट पाहू नये.

भिंत पाडून नकाशात दाखवलेले फाटक बसवावे, ही माझी मुख्य मागणी आहे. काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, ते तारखेसह लेखी कळवावे. तोंडी आश्वासन नको. करारनाम्यातील नकाशाची प्रत आणि भिंतीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

दुसऱ्या टप्प्यातील घरेही आपण त्याच माहितीपत्रकावर विकत आहात. फाटक उघडेपर्यंत त्यातले 'अवघ्या ५ मिनिटांवर' हे शब्द काढून टाकावेत.

आपली,
वसाहतीतील एक घरमालक