प्रतिस्पर्धी आणि मैत्रिणी

संपादक महोदय,

महिला टेनिसचा विषय निघाला की ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा यांच्या चुरशीचेच वर्णन होते, हे मला अपुरे वाटते. फ्लोरिडातील कॅथलिक घरातली एव्हर्ट आणि साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातून आलेली नवरातिलोवा यांनी १९७५ मध्ये फ्रेंच आणि १९७६ मध्ये विम्बल्डन स्पर्धेची दुहेरी जोडीने जिंकली; दरम्यान नवरातिलोवाने मायदेश सोडून अमेरिकेत आश्रय मागितला होता. पुढे जोडी मोडली (तीही एव्हर्टनेच!) आणि एकमेकींविरुद्ध तब्बल ८० सामने झाले, तरी १९८६ मध्ये फेडरेशन चषकासाठी (महिला टेनिसची देशोदेशींच्या संघांमधील स्पर्धा) नवरातिलोवा मायदेशी, प्रागला परतली, तेव्हा अमेरिकी संघात एव्हर्ट तिच्यासोबत होती. क्रीडापानावर या मैत्रीबद्दलही सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक टेनिसप्रेमी वाचक, सांगली