उद्धरणे मोजण्याआधी नावे तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कंपन्यांच्या पारदर्शकतेवरील संशोधनाचा आढावा हा आपल्या बेळगाव भागातल्या वाणिज्य-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम विषय आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केल्याने अभ्यासाला सामग्रीही भरपूर आहे.

अशा आढाव्यात केले जाणारे उद्धरण-विश्लेषण, म्हणजे कोणाच्या लेखांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला याची मोजणी, फसते ते मात्र नावांत. स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंचातून उतरवलेल्या यादीत ‘पाटील एस.’ या एकाच नावाखाली अनेक जण गोळा होतात आणि आपल्याकडे तर पाटील, देसाई, कुलकर्णी गल्लोगल्ली! उलट आद्याक्षर बदलले की एकच लेखक दोन ठिकाणी फुटतो. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे इंग्रजी नाव Belgaum चे Belagavi झाले, त्यामुळे एकाच संस्थेचे पत्तेही दुभंगतात. म्हणून ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची स्वतंत्र ओळख) १६ अंकी क्रमांक, संस्था आणि सहलेखक ताडून पाहावेत. मग व्हॉसव्ह्यूअर (VOSviewer) या उद्धरणांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी दोन रकान्यांची फाइल करावी: पहिल्यात सापडलेले नाव, दुसऱ्यात ठेवायचे नाव. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या माहितीसंचाची यादीही जोडायची असल्यास सर्व डीओआय (DOI, प्रत्येक लेखाचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) लहान इंग्रजी अक्षरांत (lowercase) आणूनच दुबार नोंदी काढाव्यात. डीओआय नसेल तिथे शीर्षक आणि वर्ष जुळवावे.

पाच जणांच्या लेखाचे श्रेय प्रत्येकाला पूर्ण एक दिले की एक-पंचमांश, हेही प्रबंधात स्पष्ट हवे. नाहीतर क्रमवारीच बदलते. स्व-उद्धरणे, म्हणजे लेखकाने स्वतःच्याच लेखांचे दिलेले संदर्भ, वेगळी दाखवावीत.

मार्गदर्शकांना कळकळीची विनंती: ही नावांची फाइल परिशिष्टात जोडल्याशिवाय प्रबंधावर सही करू नये.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव