पुराची रेघ दाखवणाऱ्यांचे आभार

गोदावरीच्या पुरांवर लिहायला घेतलं आणि आधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, जाऊन बसलो. १८४० सालचं वाचनालय. १९६९च्या पुराबद्दल तिथे वाचलं. पण पाणी दुकानात किती चढतं, ते भांडीबाजारातल्या एका काकांनी पितळेच्या हंड्यांची मांडणी सरकवून दाखवलं. मागे भिंतीवर खिळ्याने ओढलेली रेघ, शेजारी ‘२०१६’. “रंग देताना तेवढी जागा सोडतो,” म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

रामकुंडाजवळच्या फुलवाल्या मावशी, तुमचेही आभार. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की माल उचलायचा, कमरेला लागायच्या आत आपण निघायचं, हा तुमचा हिशेब. मी तो वहीत नेमका उलटा उतरवला होता! तुम्ही मोठ्याने वाचायला लावलंत म्हणून सापडलं. (चहाही तुम्हीच पाजलात, पैसे घेतले नाहीत.)

नाव नको म्हणालात, टाकत नाही. लेख झालाय. छापायला देण्याआधी रविवारी दुपारी घाटावर येऊन वाचून दाखवतो. काका, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, तुम्हीही या. चुकलं असेल तिथे थांबवा.