विषय : सहलीच्या पुस्तिकेतील 'सेटल' स्थानकाची चुकीची माहिती आणि तिकिटांची भरपाई

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

महोदय,

आपल्या इंग्लंड सहलीत सेटल ते कार्लाइल हा रेल्वेप्रवास आहे. त्यासाठी आपण गटाला लीड्सहून गिगल्सविकपर्यंतची तिकिटे दिली आणि पुस्तिकेत 'गिगल्सविक म्हणजेच सेटल' असे छापले. ही दोन वेगळी स्थानके आहेत, तीही वेगळ्या मार्गांवर. कल्याणला कसारा आणि कर्जत फुटतात, तसे सेटल जंक्शनला मोरकामचा आणि कार्लाइलचा फाटा फुटतो. गिगल्सविक मोरकामच्या फाट्यावर आहे. 1849 मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचेच नाव सेटल होते, 1876 मध्ये नवे सेटल स्थानक झाल्यावर ते बदलले. आपली माहिती बहुधा त्या काळातली असावी!

गिगल्सविकला रेल्वेचा एकही कर्मचारी नसतो. तिथून सेटल सुमारे दीड किलोमीटर, आणि सामान प्रत्येकाकडे. कार्लाइलची तिकिटे 'अॅडव्हान्स' होती, म्हणजे ठरलेल्या गाडीपुरतीच चालणारी. ती गाडी चुकल्यावर सर्वांना नवी तिकिटे काढावी लागली. या मार्गावर दोन गाड्यांमध्ये दोन-दोन तासांचे अंतर पडते, त्यामुळे पुढचे वेळापत्रकही कोलमडले. लीड्सला कार्लाइलची गाडी पकडली असती तर गाडी बदलावीच लागली नसती. आणि चुकून मोरकामच्या गाडीत बसलेल्याने स्किप्टन किंवा हेलिफील्डलाच उतरावे, एवढे एक वाक्य पुस्तिकेत असते तरी पुरले असते.

बाकीच्या चुकाही कमी नाहीत. 1970 मध्ये मार्गावरची मधली स्थानके बंद झाली, पण सेटल आणि अॅपलबी चालूच राहिली. पुस्तिका सेटललाही सोळा वर्षे बंद ठेवते. फलाटावरचा पादचारी पूल 'मूळचा 1876 चा' नव्हे, तो 1993 मध्ये स्कॉटलंडमधल्या ड्रेमहून आणून बसवला आहे. 1891 ची सिग्नल केबिन रोज नव्हे, सहसा शनिवारी पाहता येते. 24 कमानींचा रिबलहेड पूल सेटलहून दिसत नाही, गाडीत बसूनही नीट दिसत नाही. रिबलहेडला उतरून खाली चालत जावे लागते. डेंटला उतरून 'गावात फेरफटका' मारायला सांगणाऱ्याने नकाशा पाहिलेला नाही. गाव स्थानकापासून सहा किलोमीटरवर आहे आणि परतताना सगळा चढ.

आमच्या मागण्या :
नव्या तिकिटांची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करावी. पावत्यांच्या प्रती सोबत आहेत.
पुढच्या गटाला लीड्स–सेटल–कार्लाइल असे सलग तिकीट द्यावे आणि पुस्तिकेचे ते पान बदलावे.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ.

आपले,
सहलीच्या गटातील प्रवासी

सोबत : तिकिटे, पावत्या, पुस्तिकेच्या संबंधित पानांची झेरॉक्स