दातांचा उपचार अर्धवट का राहतो?

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनल सुरू झाले. पहिल्या भेटीत नस काढून तात्पुरते सिमेंट भरले आणि रात्रंदिवस ठणकणारी दाढ शांत झाली. निघताना काउंटरवर कळले, की शेवटी दाढेवर बसवायच्या कॅपचे, म्हणजे कृत्रिम टोपीचे, पैसे वेगळे लागतील. ती रक्कम मी धरलेली नव्हती. दवाखान्यातून दोनदा फोन आला, तो मी उचलला नाही. दिवाळीत चिवडा खाताना त्या दाढेचा तुकडा तुटून हातात आला आणि शेवटी दाढ काढावी लागली.

फोन न उचलणे ही माझी चूकच होती. मात्र नस काढल्यामुळे ठणका थांबतो, दाढ त्याने बरी होत नाही. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. पोखरलेली दाढ कॅपशिवाय चावण्याचा भार सोसत नाही, एवढे कोणी मला सुरुवातीलाच सांगितले असते, तर मी पैशांची सोय करून नक्की गेलो असतो. उपचाराला किती भेटी लागतील, कॅप धरून एकूण खर्च किती येईल आणि मध्येच थांबल्यास काय होईल, हे खुर्चीत बसवण्यापूर्वी रुग्णाच्या भाषेत सांगणे हा दवाखान्याच्या कर्तव्याचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

रुग्णाची बाजूही तितकीच लंगडी आहे. दुसऱ्या एका दवाखान्यात माझ्यापुढे पंचविशीतला एक मुलगा बसला होता. डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितले, तर दोन बोटेही आत जाईनात. एरवी तीन बोटे सहज जातात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचे घोटलेले मिश्रण, खातोस का, या प्रश्नावर त्याने आधी मान हलवून नकार दिला आणि पुष्कळ वेळाने दिवसाला चार-पाच पुड्या होतात, असे खालच्या आवाजात सांगितले. आपल्या नागपुरात खर्रा घोटून देणारे ठेले चौकाचौकात आहेत, त्यामुळे डॉक्टरांना हे नवे नाही. पण सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ झालेल्या रुग्णाच्या मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचवणे अवघड असते आणि पुढे कर्करोगाचा धोका असल्याने तपासणीही वेगळी करावी लागते. मधुमेह, रक्तदाब, औषधाची ॲलर्जी यांचेही तसेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे दात काढण्यापूर्वी सांगायलाच हवे. ती आपल्या मनाने बंद करणे तर त्याहून धोक्याचे आहे.

वेळ ठरवूनही न जाण्याची सवयही आपण सोडायला हवी. १९६८ पासून चालू असलेल्या येथील शासकीय दंत महाविद्यालयात गडचिरोली-गोंदियाकडचे लोक एक दिवसाची मजुरी बुडवून येतात. तेथे असो वा धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यात, न कळवता रिकामी ठेवलेली वेळ ही कोणातरी ठणकणाऱ्या माणसाची वेळ असते. अर्थात, वेळ पाळलेल्या रुग्णाला दीड तास बाहेर ताटकळत ठेवणाऱ्या दवाखान्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. परंतु तक्रारीपर्यंत जाण्यापेक्षा उपचारापूर्वी एक पानभर कागद होणे मला अधिक उपयोगाचे वाटते. एका बाजूला डॉक्टरांनी भेटी, पर्याय आणि कॅपसह खर्च लिहावा. दुसऱ्या बाजूला रुग्णाने आपले आजार, चालू गोळ्या आणि खर्रा-तंबाखूची सवय खरी खरी लिहावी. खाली दोघांच्या सह्या असाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना तो वाचून दाखवावा. शहरातील दंतवैद्यांनी एकत्र येऊन असा एक नमुना मराठीत आणि हिंदीत तयार करावा, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर, नागपूर