ठाण्याच्या बाजारातल्या मावशींना, मांदेलीच्या घरून

मावशी, नमस्कार.

दर रविवारी मी तुमच्यासमोर उभी असते, पण तेव्हा मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात, तुमचे हात कोळंबी सोलण्यात गुंतलेले असतात आणि मनातलं मनातच राहतं. दुपारी बाजार पांगला की तुम्ही चष्मा लावून मोबाइलवर वाचत बसता, म्हणून हे इथे लिहिते आहे. आणखी चार जणांनी वाचलं तर चांगलंच. तुम्ही मला जे सांगितलंत, ते मांजराचं पिल्लू उचलून घरी नेण्याआधी प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवं.

जूनचा शेवटचा आठवडा होता. 1 तारखेपासून मासेमारीची बंदी लागलेली. बाजारात थोडी खाडीची मासळी, थोडा बर्फातला माल, बाकी सगळं सुकं. आमच्या घरी त्या दिवसांत फार तर बोंबलाच्या कालवणावर भागतं. बाजारातल्या मांजरांचं काय होत असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तुम्ही मात्र रोज घरून भाताचा डबा आणत होतात. सुका जवळा दोन पाण्यांतून काढून, उकडून त्यात कालवलेला. "मीठ निघालं पाहिजे, नाय तर त्यांना बाधतं," असं तुम्ही म्हणालात आणि मी पहिल्यांदा त्या डब्याकडे नीट पाहिलं.

तिथेच ती दिसली. थर्माकोलच्या खोक्यामागे, तीन रंगांची, मुठीएवढी. दिवसभर बाजारात किती डबे उघडतात, किती झाकणं आपटतात, तिची मानही वळायची नाही. तुमच्या डब्याची कडी वाजली की मात्र ती बाहेर. घास मिळाला की तिथल्या तिथे खायची नाही, आधी खोक्याखाली ओढून न्यायची, कारण वरच्या पत्र्यावर कावळे बसलेले असायचे. एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं असेल?

मी म्हटलं, मावशी, हिला मी आजच नेते. तुम्ही साफ नाही म्हणालात. "मांजर सात घरं करते गो. तिघांना नेलंय आईनं, हिला न्यायला पण येईल. आज हात लावू नको." तेव्हा मला राग आला होता, खरं सांगते. चार दिवस तुम्ही मला थांबवलंत. तिसऱ्या रात्री धो धो पाऊस लागला, मी न राहवून तुम्हाला फोन केला, तर तुम्ही घरी जाण्याआधीच ते खोकं ओट्यावर उचलून, आत गोणपाट घालून ठेवलेलं होतं. पण आई आलीच नाही.

त्या चार दिवसांत तुम्ही मला एक गोष्ट विचारलीत. पिल्लाबद्दल नाही. "घरात जी आहे ती कशी आहे?" मग मी तुम्हाला आमच्या मांजरीचं, ठमीचं सगळं सांगितलं. ती सात वर्षांची, आमच्या घरात एकटीच वाढलेली. दोन वर्षांपूर्वी मी असंच एक पिल्लू आणून थेट तिच्यापुढे सोडलं होतं. ठमी पलंगाखाली गेली ती दोन दिवस बाहेर आली नाही, जेवली नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर येऊ शकतं, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. त्या पिल्लाला मला दुसरं घर शोधून द्यावं लागलं. त्या पिल्लाचंही वाईट वाटलं, पण ठमीचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता, ते जास्त लागलं होतं.

तुम्ही ऐकून घेतलंत. मी काय चुकले ते सांगायच्या फंदात पडला नाहीत. एवढंच म्हणालात, "या वेळी दार बंद ठेव आणि फडकं फिरव."

मावशी, त्या फडक्याने आमचं घर वाचवलं.

मांदेली (हे नावही तुमचंच, तिच्या पाठीवरच्या सोनेरी पट्ट्यावरून) आधी डॉक्टरांकडे गेली. वजन 540 ग्रॅम. दात पाहून त्यांनी दीड महिन्याची असेल म्हणून सांगितलं. जंताचं औषध दिलं, पिसवा काढल्या आणि दोन आठवडे ठमीपासून वेगळी ठेवायला लावली, कारण काही आजार अंगात असले तरी लगेच दिसत नाहीत. तीन रंग म्हणजे भाटीच असणार, हे तुम्ही लांबूनच ओळखलं होतंत. डॉक्टर म्हणाले, काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. दूध नको, हे तुमचं म्हणणंही त्यांनी उचलून धरलं. फिनाईलने फरशी पुसणं मात्र त्यांनी बंद करायला लावलं. मांजर पंजे चाटतं आणि ते विष त्याच्या यकृताला पचवता येत नाही. ठमी सात वर्षं त्याच फरशीवरून चालत होती, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

मग आतल्या खोलीचं दार बंद. एक जुनी सुती साडी फाडून दोन फडकी केली. एक ठमीच्या गादीवर, एक मांदेलीच्या टोपलीत, आणि रोज संध्याकाळी अदलाबदल. पहिल्या दिवशी ठमीने फडकं हुंगलं, फिस्कारली आणि निघून गेली. पाचव्या दिवशी त्याच्या शेजारी बसली. आठव्या दिवशी मी अदलाबदल करायला विसरले. रात्री पाहते तर दाराच्या फटीपाशी ठेवलेलं ठमीचं फडकं गायब. मांदेलीने पंजा बाहेर घालून ते आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं आणि त्यावर झोपली होती. आपल्याला कुणाशी जमवून घ्यायचंय, हे तिला दार उघडायच्या आधीच कळलं होतं.

दोघींच्या वाट्या दाराच्या दोन बाजूंना. "आधी मोठीला वाढ, मग पोरीला," हा तुमचा नियम अजून चालू आहे. दोन आठवडे झाल्यावर दाराला मच्छरजाळी लावली. ठमीने शेपटी फुगवली, गुरगुरली, फिस्कारली. माझ्या तोंडात तिला ओरडणं आलंच होतं, तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं. "फिस्कारू दे. घरातली मोठी आहे, तिला बोलू दे." मी गप्प बसले. मांदेली जाळीपासून हातभर मागे सरकली, खाली बसली आणि दुसरीकडे बघायला लागली. तिने ठमीकडे टक लावून पाहिलं असतं तर कदाचित बिनसलं असतं. ती वाट बघत राहिली, बाजारात कावळे उडून जायची वाट बघायची तशी.

तेविसाव्या दिवशी जाळी काढली. बोचकारणं नाही, मारामारी नाही, एक चापट तेवढी, तीही नख्या आत घेऊन. आता ऑक्टोबर आहे. ठमी मांदेलीचे कान चाटते. सात वर्षांत तिने कुणाला चाटलेलं मी पाहिलं नव्हतं. मांदेली न्हाणीघराच्या दाराच्या मुठीला लोंबकळून दार उघडायला शिकली आहे, आणि उघडलं की स्वतः आधी आत जात नाही. ठमीला वाट देते.

मावशी, पिल्लाला घर मिळवून देणारी माणसं मी पाहिली आहेत. घरात आधीपासून असलेल्या, वय झालेल्या मांजरीची बाजू घेणारं माणूस मला तुमच्या रूपाने पहिल्यांदा भेटलं. ते चार दिवस तुम्ही मला थांबवलं नसतंत तर मी पुन्हा तेच केलं असतं.

मांदेलीचं नसबंदीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आणि तुम्ही म्हणालात की तिची आई नवरात्रापासून बर्फाच्या गाळ्यामागे पुन्हा दिसायला लागली आहे, पोट अजून सपाट आहे. तिचंही करून घेऊ. डॉक्टरांशी बोलून झालंय, खर्च माझा. पिंजरा आणलाय. रविवारी रात्री बाजार बंद झाल्यावर मी येते. तुम्ही फक्त तो डबा आणा, कारण तुमच्या कडीचा आवाज आल्याशिवाय ती पुढे यायची नाही.

तुमची,
रविवारची गिऱ्हाईक